सिस्टरची सनद

कोणत्याही व्यवसायास आरंभ करण्यापूर्वी मनुष्याजवळ सरकारचा परवाना असावा, असा सरकारचा समज आहे. आणि परवाना देण्याचा खरा अधिकार आपलाच आहे, असा बागलाणातील समस्त ग्रामस्थांचा समज आहे. या दोन समजुतींच्या कात्रीत वकील सापडतो, गवंडी सापडतो, प्रसंगी सर्प पकडणारा इसमही सापडतो. परंतु परिचर्येचे शिक्षण घेणारी मुलगी तीत जितकी करकचून सापडते, तितके दुसरे कोणी सापडत असेल असे आम्हांस वाटत नाही.

नामपूर हे मोसम नदीच्या काठचे, कांद्याच्या लिलावाने जागे होणारे आणि डाळिंबाच्या चिंतेने निजणारे गाव. येथील आमच्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीला बारावीनंतर नाशिकला जी.एन.एम.च्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तो संपला म्हणजे मंडळाची परीक्षा. ती उत्तीर्ण झाली म्हणजे मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. आणि त्या नोंदणीवाचून परिचारिका म्हणून व्यवसाय करू नये, असा 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाचा मथितार्थ. गावाने मात्र एवढा काळ थांबण्याचे कारण पाहिले नाही. प्रवेशाचे पेढे वाटले त्याच सायंकाळी गावाने आपली नोंदणी उरकली. समोरच्या घरातील आजीबाईंनी पेढा गालफडात सारून मनगट पुढे केले आणि म्हणाल्या, "सिस्टर, माले चक्कर येस. मनी नाडी देख ना." मुलीने अत्यंत विनयपूर्वक सांगितले की, आजी, कॉलेज अजून बंद आहे, पंधरा दिवसांनी उघडेल. आजीबाई म्हणाल्या, "कॉलेज बंद शे, मनी नाडी चालू शे ना?" या युक्तिवादाचे खंडन कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे तिने नाडी पाहिली. नाडी होती. आजीबाईंना तेवढ्यानेच हुशारी वाटली, आणि मुलीचा व्यवसाय सुरू झाला.

गावाच्या या सनदेतील अडचण अशी की, तिच्यात अधिकारांचा तपशील भरपूर असतो, मर्यादांचा मात्र उल्लेखही नसतो. आमच्याकडे औषधोपचाराची उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ अशी तीन प्रकारांत विभागणी झालेली आहे. गोळी हा कनिष्ठ प्रकार, कारण ती रोगी स्वतःच गिळतो, मग त्यात दुसऱ्याने काय केले? सुई हा मध्यम. सलाईन हा उत्तम, कारण तो डोळ्यांना दिसतो, बराच वेळ चालतो आणि तेवढ्या वेळात पाहुण्यांना येऊन भेटून जाता येते. डाळिंबावर तेल्याचा डाग दिसल्याबरोबर पाठीला पंप बांधून फवारणीस निघावे, नुसती पाहणी करून परत येऊ नये, हा जो शेतीचा शिरस्ता, तोच येथे देहालाही लागू आहे. अंगात काही तरी शिरल्याशिवाय अंगातले काही निघत नाही, असा पक्का सिद्धांत. मुलीने पुष्कळ समजावले की, डॉक्टरांच्या लेखी हुकुमावाचून परिचारिकेने औषधाचा थेंबही देऊ नये असा दंडक आहे. देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी योग्य असल्याची खात्री करावी लागते. गावाने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि "अजून शिकाडेल नही वाटस" असा निष्कर्ष काढला. पुढे प्रत्येक दिवाळीत आणि प्रत्येक उन्हाळी सुटीत, ती यष्टीतून उतरली रे उतरली की, "आते तरी शिकाडं का?" अशी आस्थेवाईक चौकशी होत राहिली.

आता तिकडे तिला प्रत्यक्षात काय शिकवीत होते, हे कळले असते तर गावाने तिला परतच बोलावले असते. कारण आरंभी शिकवले ते अंथरूण घालण्यास. वडिलांनी वसतिगृहाचे शुल्क भरण्यासाठी चाळीतला कांदा भाव येण्यापूर्वी काढला होता, आणि त्या शुल्काच्या मोबदल्यात मुलगी पहिले कित्येक दिवस चादर पसरीत होती. पण ही चादर म्हणजे सामान्य चादर नव्हे. तिला सुरकुती चालत नाही, कारण निजून असलेल्या रुग्णाच्या पाठीखाली सुरकुती राहिली की तेथील रक्तप्रवाह दबतो आणि शय्याव्रणास आमंत्रण मिळते. तिचे कोपरे पंचेचाळीस अंशांत मोडून गादीखाली असे दडपावे लागतात की, रुग्णाने कितीही कूस पालटली तरी चादर जागची हलू नये. दिवाळीला घरी आल्यावर तिने ही विद्या घरातील यच्चावत गोधड्यांवर चालवली. वडील रात्री पाणी द्यायला म्हणून उठू लागले—आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते—तो त्यांचे पाय गोधडीतून सुटेनात. शास्त्रशुद्ध अंथरुणातून त्यांना अखेर डोक्याच्या बाजूने काढावे लागले. पिकाला पाणी उशिरा मिळाले, पण शय्याव्रण मात्र झाले नाही.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागला तो प्रसूतिविभागात. विद्यार्थिनीने देखरेखीखाली स्वहस्ते वीस सुखप्रसूती कराव्यात आणि त्यांचा सविस्तर वृत्तांत केसबुकात लिहून त्यावर सही घ्यावी, असा नियम. मूल जन्माला येण्याची वेळ मंडळाच्या वेळापत्रकास जुमानीत नाही. वर्गात मुली अनेक आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रिया मोजक्या, त्यांतही जिची प्रसूती अडली ती शस्त्रक्रियागृहात जाणार, म्हणजे केसबुकातून गेली. अशा स्थितीत रात्रपाळीच्या मुली कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी ज्या तळमळीने उभ्या राहतात, ती तळमळ त्या बाईच्या सासूलाही साधत नाही. इकडे आई रोज रात्री दूरध्वनीवर विचारी, "आज किती झाल्या?" आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटे, पोरगी परीक्षेतले गुण सांगते आहे.

आमच्या आळीत एक वयोवृद्ध सुईणबाई आहेत. निम्म्या आळीची नाळ त्यांनीच कापलेली. वीस हा आकडा कानावर गेल्यावर त्यांनी, "वीसच?" एवढाच प्रश्न केला. त्यांची केसबुके कपाटात नव्हती. ती गावभर हिंडत होती, कोणी बैल चारीत होती, कोणी लिलावात बोली लावीत होती, आणि त्यांतले एक ग्रामपंचायतीत निवडूनही आले होते. तरीही सांगितले पाहिजे की, मुलीने प्रसूतीनंतर बाळ रडले नाही तर काय करावे हे समजावून सांगितले—प्रथम बाळाला कोरडे करून ऊब द्यायची, मान नीट ठेवून श्वासमार्ग मोकळा करायचा, पाठ चोळायची, आणि तरीही श्वास न घेतल्यास पहिल्या मिनिटाच्या आतच पिशवी व मुखवट्याने हवा द्यायची—तेव्हा सुईणबाईंनी ते दोनदा विचारून घेतले. त्यांच्या हिशेबात काही मुले अशीही असावीत की जी केसबुकात चढली नाहीत. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

दुसऱ्या वर्षी ती 'नर्सिंग डायग्नोसिस' लिहू लागली आणि आळीची खाजगी शांतता संपुष्टात आली. डॉक्टरने रोगाचे निदान करावे आणि परिचारिकेने रोगामुळे माणसाची जी अडचण होते तिचे निदान करावे, अशी ही श्रमविभागणी आहे. न्यूमोनिया हे निदान डॉक्टरचे. बेडका सुटत नाही म्हणून श्वासमार्ग मोकळा राहत नाही, हे परिचारिकेचे. लिहिण्याची रीतही ठरलेली: अगोदर अडचण, मग ती कशाशी निगडित आहे ते कारण, आणि शेवटी ती कशावरून दिसून आली तो पुरावा. एकदा ही त्रिपदी हाती लागल्यावर माणसाला घरबसल्या निदाने सुचू लागतात. तिच्या वहीत आम्ही स्वतः पाहिलेले एक असे: निद्रानाश, सुनेच्या दूरदर्शन मालिकेशी निगडित, आजींनी पहाटे तीन वाजता भांडी घासल्यावरून दिसून आलेला. दुसरे एक निदान वडिलांचे होते. त्यात चिंतेचे कारण म्हणून कांद्याच्या निर्यातीवरील बंदीचा उल्लेख होता, आणि पुरावा म्हणून रात्रीत ओढलेल्या विड्यांची थोटके मोजून लिहिली होती. उपाययोजनेच्या रकान्यात मात्र तिने 'रुग्णास धीर देणे' एवढेच लिहून ठेवले होते. केंद्र सरकारलाही याहून अधिक काही सुचले असेल असे वाटत नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या विषयात घरभेटीचा एक विधी आहे. परिचारिकेने पिशवी घेऊन जायचे. पिशवी जमिनीवर किंवा खाटेवर ठेवायची नाही. अगोदर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ती ठेवायची. मग साबण, टॉवेल आणि ब्रश काढून हात धुवायचे. मग अंगरखा चढवायचा. मग लागतील तेवढीच उपकरणे काढून पिशवी पुन्हा बंद करायची, की जेणेकरून एका घरातील जंतू दुसऱ्या घरात पाहुणे म्हणून जाऊ नयेत. विधी निर्दोष आहे. सुटीत त्याचा सराव करण्यासाठी तिने समोरच्या आजीबाईंचे घर निवडले. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरले, त्यावर पिशवी ठेवली आणि ती हात धुण्यास न्हाणीकडे गेली. परत येते तो पिशवी जमिनीवर, आणि वर्तमानपत्र आजोबांच्या हाती. त्यात बाजारभावाचे पान होते. तिने दुसरे पान अंथरले. त्यात निधनवार्ता होत्या, तेही गेले. तिसऱ्या वेळी तिने केवळ जाहिरातींचे पान निवडून घातले, तेव्हा आजोबांनी भिंगाचा चष्मा लावून ते जागच्या जागी, पिशवी इकडून तिकडे सरकवीत, वाचून काढले. जंतूंनी या धामधुमीत काय केले ते कळत नाही. रक्तदाब मात्र आजोबांचा 160 च्या वर निघाला, आणि ज्या माणसाला मुळी तपासायचेच नव्हते, त्याला दुसऱ्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेऊन नियमित गोळी सुरू करावी लागली. गोळी कनिष्ठ प्रकारातली म्हणून आजोबा अद्याप थोडे नाराज आहेत.

यथाकाल ती उत्तीर्ण झाली आणि सरकारी सनदेचे कागद जमविण्याचा अध्याय सुरू झाला. तीन वर्षांत जेवढी हाडे पाठ केली त्याच्या निम्मे तरी दाखले लागतात, असे तिचे मत झाले. गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्याच्या वैधतेचा दाखला, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. आणि या सर्वांच्या साक्षांकित नकला. पुढे असे निष्पन्न झाले की, आईच्या नावापुढील 'बाई' हा प्रत्यय दहावीच्या गुणपत्रकात आहे, परंतु आधार कार्डावर नाही. प्रत्यय असलेली बाई आणि प्रत्यय नसलेली बाई या दोन भिन्न व्यक्ती नसून एकच आहेत, आणि ती आपलीच आई आहे, असे तिला प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागले. आई त्या वेळी तिच्या शेजारीच उभी होती. पण कायद्याच्या दृष्टीने तो पुरावा गणला जात नाही.

या कामासाठी आमच्या लोकांना सटाण्यास जावे लागते, आणि सटाण्यास जाणारा मनुष्य देव मामलेदारांच्या देवळात डोके टेकल्याशिवाय परतत नाही. यशवंतराव महाराज हे ब्रिटिश अमदानीत बागलाणचे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून रयतेत सुमारे सव्वा लाख रुपये वाटून टाकले. वरिष्ठ तपासणीस आले तेव्हा रक्कम ईश्वरकृपेने पूर्ण भरली, असे भाविक सांगतात. लोकांनी त्यांचे देऊळ बांधले, त्यांची यात्रा भरते. आता हे ध्यानात घ्या की, ज्या तालुक्याने आजवर असंख्य अंमलदार पाहिले त्याने देवत्व बहाल केले ते अर्ज, शिक्का आणि नक्कल यांची वाट न पाहणाऱ्या मामलेदारास. अशा मुलखातील माणसे नोंदणीपूर्वीच मनगट पुढे करतात, यात त्यांचा दोष किती आणि परंपरेचा किती, हे ठरविणे सोपे नाही. मुलीने देवळात नारळ फोडला आणि समोरच्या रांगेत प्रतिज्ञापत्रासाठी उभी राहिली.

आणि या बाबतीत गावाच्या बाजूने एक अनपेक्षित साक्षीदार आहे. प्रत्येक परिचर्या विद्यालयात दीपप्रज्वलनाच्या समारंभात जिच्या नावाने शपथ घेतली जाते, जिचा जन्मदिवस 12 मे हा जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांच्या सरकारी नोंदणीच्या ठाम विरुद्ध होती. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने आकडेशास्त्राच्या जोरावर इंग्रज सेनाखात्याला सळो की पळो करून सोडले. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकता येथील खेड्यांतील सांडपाण्याची चिंता वाहिली आणि त्यासाठी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. परंतु लेखी परीक्षेने चांगली परिचारिका ओळखता येते, हे काही तिला अखेरपर्यंत पटले नाही. तिचे म्हणणे असे की, परीक्षा ज्ञान तपासते, स्वभाव तपासत नाही. एथेल बेडफर्ड फेनविक या तितक्याच करारी बाईंनी उलट पक्ष धरला आणि तीस वर्षे झुंज दिली. न्यूझीलंडने 1901 मध्ये नोंदणीचा कायदा केला, इंग्लंडने 1919 मध्ये. आणि इंग्लंडच्या नोंदवहीत पहिला क्रमांक अर्थातच फेनविकबाईंचा लागला. आम्ही आमच्यापुरता निकाल फेनविकबाईंच्या बाजूने दिला आहे, कारण नुसत्या स्वभावाच्या बळावर सुया टोचणारे लोक आम्ही जवळून पाहिले आहेत. पण नाइटिंगेलबाईंना आमच्या समोरच्या आजीबाई भेटल्या असत्या तर दोघींचे छान जमले असते, यात शंका नाही.

अखेर नोंदणी झाली. परिचारिका आणि प्रसाविका अशा दोन्ही नात्यांनी तिचे नाव मुंबईच्या दप्तरात चढले. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागेल, हे ऐकून आजीबाईंना वाईट वाटले. त्यांच्या सनदेला अशी मुदत नव्हती.

सनद मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असा अर्थ मात्र नव्हे. सरकारी सेवेत अधिपरिचारिका व्हायचे तर पुन्हा परीक्षा. एम्ससाठी नॉरसेट नावाची निराळी परीक्षा. मध्यंतरी जर्मनीची वार्ता आली. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्या यादीत परिचारिका होत्याच. काही दिवस आमच्या आळीत मोसमकाठच्या अहिराणीशेजारी जर्मन क्रियापदे चालवली जात होती. वडिलांना तेथील थंडी ऐकून धीर होईना. मग अमेरिकेचा विषय निघाला.

अमेरिकेच्या परवान्याची जी एनक्लेक्स नामक परीक्षा आहे तिचे चरित्र विलक्षण आहे. ती संगणकावर होते, वेळ पाच तासांची. परंतु प्रश्न किती येतील हे अगोदर कोणी सांगू शकत नाही. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड, चुकले की सोपा. असे करीत किमान 85 आणि कमाल 150 प्रश्नांच्या दरम्यान, यंत्राची तुमच्याविषयी एकदा खात्री पटली की ते परीक्षा तेथेच बरखास्त करते. ती खात्री कोणत्या बाजूने पटली हे मात्र नंतर कळवते.

एका सायंकाळी ती ओसरीवर सरावाचा एक प्रश्न मोठ्याने वाचीत होती. चार रुग्ण आहेत: एकाचा पाय मोडला असून तो वेदनेने ओरडतो आहे, दुसऱ्या मधुमेहीला घरी जाण्यापूर्वी इन्सुलिनची माहिती हवी आहे, तिसऱ्याला शस्त्रक्रियेनंतर मळमळते आहे, चौथा दमेकरी, त्याच्या छातीतील घरघर आतापर्यंत दुरून ऐकू येत होती, ती एकाएकी थांबली आहे. परिचारिकेने प्रथम कोणाकडे जावे? ओसरीने एकमुखाने पाय मोडलेल्याच्या बाजूने कौल दिला. जो ओरडतो त्याचे नातेवाईकही ओरडतात, आणि नातेवाइकांना प्रथम शांत करावे, हा अनुभव. दमेकऱ्याला उतार पडला, त्याला निजू द्यावे, असे आजोबा म्हणाले. तिने समजावून सांगितले: घरघर थांबली ती हवा आतबाहेर होईनाशी झाली म्हणून; चौघांत ज्याचा आवाज नाही तोच आधी जाईल, म्हणून त्याच्याकडेच प्रथम धावायचे. हे सर्वांना पटले, आणि पाय मोडलेल्याचा खटला मागे घेण्यात आला.

आजीबाईंनी मात्र विचारले, "त्यासमा जेवेल कोन नही?"

"ते पर्यायांत दिलेलं नाही, आजी."

"मंग पेपरच चुकेल शे."

वडिलांनी शुल्क विचारले. दोनशे डॉलर परीक्षेचे, आणि अमेरिकेबाहेर बसायचे म्हणून आणखी दीडशे. त्यांनी डॉलरचे रुपये केले, रुपयांचा त्या दिवशीच्या लिलावाच्या भावाने कांदा केला, आणि तो साधारण एक ट्रॉली भरला. नापास झाल्यास काय, असे त्यांनी जरा आवाज उतरवून विचारले. पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा बसता येते, ती म्हणाली. शुल्क पुन्हा भरून.

"म्हंजे आजून एक ट्रॉली," वडील म्हणाले, आणि बॅटरी घेऊन चाळीतला कांदा किती टिकला आहे ते पाहायला गेले.